नोकरी नाकारण्याचा गुन्हा

गेल्या महिन्यात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने एका कंपनीचे ऑफर लेटर स्वीकारले आणि नऊ दिवसांनी नाकारले. दरम्यान तिला आवडीचे काम दुसरीकडे मिळाले होते. तिने रीतसर ईमेल लिहून दिलगिरी व्यक्त केली. त्याच संध्याकाळी रिक्रूटरचे फोन सुरू झाले. पहिल्या फोनवर आर्जव होते. दुसऱ्यावर, "मॅडम, तुमचं नाव मार्केटमध्ये सगळीकडे कळवतो." तिसऱ्यावर लीगल नोटीस. चौथा फोन रात्री पावणेदहाला आला आणि त्यात 'फ्रॉड' व 'पोलीस कम्प्लेंट' हे दोन शब्द होते. तिने जेवणाचे ताट बाजूला सारले आणि मला विचारले, "तू इतिहासवाली ना? मग सांग, नोकरीला नाही म्हटलं म्हणून कुणी कधी तुरुंगात गेलंय का?"

"हो, हजारो माणसं," मी म्हणाले. त्या क्षणी हे उत्तर द्यायला नको होते, हे तिचा चेहरा पाहून कळले. त्या अर्धवट उत्तराचा उरलेला भाग म्हणजे हा धागा. लांब आहे; सवडीने वाचा.

माझे मत आधीच मांडते. रिक्रूटरची धमकी बहुतेक वेळा पोकळ असते, हे कोणताही वकील सांगेल. पण ती हवेतून आलेली नाही. पत्करलेले काम नाकारणे हा आपल्याकडे १९२५ पर्यंत खरोखरच गुन्हा होता. कायदा रद्द झाला. त्याची भाषा मात्र मालकांच्या आणि मध्यस्थांच्या तोंडी शिल्लक राहिली, आणि त्या भाषेला दचकण्याची सवय आपल्या अंगात. नकाराचे स्वातंत्र्य ही वाटते तितकी जुनी गोष्ट नाही. ती आपल्या पणज्यांच्या हयातीत मिळालेली आहे, आणि अजून सर्वांना मिळालेली नाही.

सुरुवात दूरवरून करावी लागेल, कारण आपल्या कायद्याचे मूळ इंग्लंडात आहे. १३४८ साली प्लेगची साथ, म्हणजे 'काळा मृत्यू', इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. एक-दोन वर्षांत लोकसंख्येचा किमान तिसरा हिस्सा गेला. शेते उभी होती, कापणारे हात नव्हते. जे वाचले होते त्यांना आयुष्यात प्रथमच आपल्या श्रमाची किंमत सांगता येऊ लागली. ज्याच्याकडे जास्त मजुरी, त्याच्याकडे ते जाऊ लागले.

यावर तिसऱ्या एडवर्ड राजाचा फतवा आला, १८ जून १३४९ रोजी. साठ वर्षांखालचा प्रत्येक धडधाकट स्त्री-पुरुष, ज्याच्याकडे स्वतःची जमीन वा धंदा नाही, त्याने कोणी कामाला बोलावले की जायचे, आणि मजुरी साथीच्या आधीच्या दरानेच घ्यायची. नाही म्हटल्याचे दोन भल्या माणसांनी सांगितले की त्याची रवानगी तुरुंगात. काम करण्याची हमी देणारा जामीन मिळेपर्यंत तिथेच. मुदतीआधी काम सोडणाऱ्यालाही तुरुंग, आणि अशा माणसाला ठेवून घेणाऱ्या दुसऱ्या मालकालाही. १३५१ मध्ये पार्लमेंटने यावर कायद्याचे शिक्कामोर्तब केले आणि गावोगावी त्यासाठी खोडे उभारण्याची आज्ञा दिली.

इथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. आज रिक्रूटर म्हणतो, "तुम्ही स्वीकारलं होतं, आता मागे फिरता येणार नाही." १३४९ च्या फतव्याला स्वीकाराचीही गरज नव्हती. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आलेली ऑफर हीच आज्ञा होती. नकाराचा अधिकार मालमत्तेबरोबर येत असे. ही कल्पना पुढच्या पाचशे वर्षांत सौम्य झाली, पण पुसली गेली नाही.

साथीचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे एक डोकावणी. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग निघाला आणि लोक शहर सोडून कोकणात, घाटावर पळाले. १८९७ मध्ये गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. मागे राहिलेल्या कामगारांनी काय मागितले असेल? रोजच्या रोज मजुरी. एरवी गिरणीत पगार महिना उलटून गेल्यावरही कित्येक दिवस हातात पडत नसे, आणि न सांगता काम सोडले तर थकलेला पगार बुडे. प्लेगच्या दिवसांत नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे कामगारांसाठी चढाओढीने बोली लावत होती. मालकांनी आपसांत एकजूट करून रोजची मजुरी बंद पाडण्याचा खटाटोप केला, पण गरज इतकी होती की मालकच मालकाला फितूर होत. लंडन आणि मुंबई यांच्यात साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे, पण माणसे कमी पडली की कामगाराला कंठ फुटतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मुंबईच्या उदाहरणातली खरी गोष्ट मला थकलेल्या पगाराची वाटते. कामगाराला बांधून ठेवायच्या दोन रीती इतिहासात सतत भेटतात. एक, त्याला आगाऊ पैसे देऊन ठेवायचे. दुसरी, त्याचेच पैसे आपल्यापाशी अडकवून ठेवायचे. दिसायला उलट, परिणाम एकच: तो उठून जाऊ शकत नाही. गिरण्यांनी दुसरी रीत वापरली. (१९३६ च्या वेतन कायद्याने पगाराला सातवी किंवा दहावी तारखेची मर्यादा घातली ती याचसाठी. 'सात तारखेच्या आत पगार' या वाक्यामागे एवढा इतिहास आहे.) पहिल्या रीतीसाठी मात्र खास कायदा करण्यात आला होता, आणि तोच या धाग्याचा नायक, किंवा खलनायक.

त्याआधी मूळ इंग्रजी नमुना पाहू. १८२३ च्या 'मालक आणि नोकर' कायद्यानुसार इंग्लंडात काम अर्धवट सोडणाऱ्या किंवा करार करून कामावर न येणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. मालकाने करार मोडला तर? तर तो दिवाणी मामला. भरपाई द्यावी आणि घरी जावे. एकाच कागदावर दोघांच्या सह्या, पण एकाच्या सहीखाली तुरुंग आणि दुसऱ्याच्या सहीखाली पावती. १८५८ ते १८७५ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये असे खटले दरवर्षी सरासरी दहा हजारांच्या आसपास होत.

या खटल्यांबद्दल आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कापड, लोखंड, कोळसा या उद्योगांच्या भागात खटले वाढत ते तेजीत, म्हणजे कामगाराला दुसरीकडे बरे काम मिळण्याची शक्यता असे तेव्हा. मंदीत कोणी पळत नसे, त्यामुळे कोणाला पकडावेही लागत नसे. माझ्या मैत्रिणीला फोन केव्हा आले हे आठवा. दुसरी ऑफर हातात असलेल्या माणसालाच धमकी मिळते.

आता १८५९. कंपनीचे राज्य जाऊन वर्षही झाले नव्हते. कलकत्त्याच्या युरोपीय व्यावसायिकांची तक्रार होती की कारागीर आगाऊ पैसे घेतात आणि कामाला येत नाहीत. त्यातून १८५९ चा १३ वा कायदा जन्मला: कामगाराच्या करारभंगाचा कायदा. तो कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी केलेला होता. पुढे इतरत्र पसरला. रीत सोपी होती. कारागीर, कामगार किंवा मजूर यांपैकी कोणी उचल घेतली आणि वाजवी कारणाशिवाय काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेट म्हणे, पैसे परत कर किंवा काम कर. दोन्ही न केल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

या कायद्याच्या प्रस्तावनेतला एक शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कामगारांनी केलेल्या करारभंगाला तिथे 'कपटाचा' म्हटले आहे. कोर्टात कोणाचे कपट सिद्ध होण्याआधी, कायद्याच्या पहिल्याच वाक्यात. रात्री पावणेदहाच्या फोनवरचा 'फ्रॉड' हा शब्द ऐकला तेव्हा मला नेमकी ही प्रस्तावना आठवली. त्या रिक्रूटरने ती वाचली असण्याची शक्यता शून्य. पण शब्द वाचूनच पोहोचतात असे थोडेच आहे?

कायदा प्रत्यक्षात कसा चाले हे समजून घेतले पाहिजे. मालकाला मजूर तुरुंगात नको असे. तुरुंगातला मजूर पानेही खुडत नाही आणि विटाही वाहत नाही. मालकाला हवा असे तो आदेश, आणि त्याहून जास्त हवी असे ती भीती. कायद्याचा खरा उपयोग कोर्टाच्या बाहेर, कोर्टात नेण्याच्या धमकीत होता. त्यामुळे खटल्यांच्या आकड्यांवरून या कायद्याची ताकद कधीच मोजता येणार नाही. जो घाबरून निमूट कामावर परत गेला, तो कोणत्याच दप्तरात नोंदला गेलेला नाही.

१८६० मध्ये बंगालच्या नीळ उत्पादकांचा उठाव झाला. शेतकऱ्यांनी निळीची उचल नाकारली, घेतलेल्या उचलीवर नीळ लावायचे नाकारले. सरकारने चौकशी आयोग नेमला, पण त्याच कायद्याने सहा महिन्यांपुरता नीळ न लावणे हा फौजदारी गुन्हाही ठरवून टाकला. त्याच वर्षीच्या भारतीय दंड संहितेत कलम ४९२ आले: मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी कामाला नेलेला नोकर मुदतीआधी निघून गेला तर महिनाभर कैद, किंवा झालेल्या खर्चाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज ज्याला 'रीलोकेशन'चा खर्च म्हणतात, त्याची १८६० मधली वसुली ही अशी होती.

आसामच्या चहामळ्यांत गोष्ट याहून पुढे गेली. छोटा नागपूर आणि इतर भागांतून आरकाटी, म्हणजे माणशी दलाली घेऊन मजूर पुरवणारे मध्यस्थ, माणसे गोळा करत. मळ्याचे वर्णन काय केले जाई आणि मळा कसा निघे, यावर मी लिहीत बसत नाही. इथल्या नेहमीच्या वाचकांनी ते वाचलेले आहे. १८६५ च्या कायद्याने मळेवाल्याला अधिकार दिला की पळालेल्या मजुराला त्याने वॉरंटाशिवाय, स्वतःच, पकडावे. पोलीस, फिर्यादी आणि मालक एकच माणूस. हा अधिकार १९०८ मध्ये काढून घेण्यात आला.

हीच युक्ती दुसरीकडेही होती. अमेरिकेत गुलामी संपल्यावर अलाबामा राज्याने कायदा केला की उचल घेऊन काम सोडले तर फसवणुकीचा हेतू होता असे गृहीत धरले जाईल. पंधरा डॉलर उचल घेऊन महिनाभराने शेत सोडणाऱ्या एका कृष्णवर्णीय मजुराचे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९११ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला: ही गुलामीच आहे, नाव बदलले आहे इतकेच. आपल्याकडे तेव्हा १८५९ चा कायदा सुखरूप होता. खुद्द इंग्लंडने आपला कायदा १८७५ मध्ये मोडीत काढला होता. मालकाच्या देशात जे रानटी ठरले, ते वसाहतीत आणखी पन्नास वर्षे शिस्त म्हणून चालले.

अखेर १९२५ मध्ये, ना. म. जोशी यांच्यासारखे कामगारांचे प्रतिनिधी ज्या मध्यवर्ती विधिमंडळात बसत होते, त्या विधिमंडळाने हा कायदा रद्द केला. दंड संहितेची कलमे ४९० आणि ४९२ ही त्याबरोबर गेली. त्यामुळे एक गंमत झाली. 'नोकरीच्या कराराचा फौजदारी भंग' अशा भारदस्त नावाचे एक अख्खे प्रकरण दंड संहितेत शिल्लक राहिले आणि त्यात कलम उरले एकच, ४९१: जो लहान वय, आजार किंवा दुबळेपणामुळे असहाय आहे, त्याची काळजी घेण्याचा कायदेशीर करार करून ती न घेणारा. तेच कलम आज भारतीय न्याय संहितेत ३५७ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे नोकरीचा करार मोडल्याबद्दल तुमच्यावर या कलमाखाली कारवाई व्हायची असेल, तर तुमची कंपनी असहाय असावी लागेल.

इथवर कोणी म्हणेल, हा कारखान्यांचा आणि मळ्यांचा इतिहास झाला. शिकलेल्या, कुशल माणसाचे काय? त्याचाही इतिहास आहे, आणि तो एका गायिकेपासून सुरू होतो. योहाना वॅग्नर, संगीतकार रिचर्ड वॅग्नरची पुतणी. १८५२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या 'हर मॅजेस्टीज थिएटर'मध्ये तीन महिने, आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा तिचा करार होता, आणि त्या काळात दुसरीकडे गायचे नाही ही अट. कोव्हेंट गार्डनच्या व्यवस्थापकाने तिला जास्त पैसे देऊ केले. पहिला व्यवस्थापक कोर्टात गेला. न्यायाधीश म्हणाले, तिला गायला लावणे आमच्या हातात नाही. पण दुसरीकडे गाण्यापासून रोखणे आहे. त्या हंगामात ती लंडनमध्ये कुठेच गायली नाही. पुढे कोव्हेंट गार्डनच्या व्यवस्थापकावर, तिला फितवले म्हणून, वेगळा दावा झाला. १८५३ च्या त्या निकालात एका न्यायाधीशाने भिन्नमत देताना दाखवून दिले की दुसऱ्याचा नोकर फितवण्याचा हा दावा येतो कुठून: १३५१ च्या मजूर कायद्यातून. प्लेगनंतरच्या शेतमजुरासाठी विणलेले जाळे ऑपेराच्या रंगमंचापर्यंत असे पोहोचले.

(१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३९ खाली एक उदाहरण आहे: आठवड्यातून दोन रात्री गाण्याचा करार केलेली एक गायिका सहाव्या रात्री येत नाही. कायद्याचे विद्यार्थी ते पाठ करतात. ही गायिका म्हणजे योहानाच, असे मानण्याचा मोह मला आवरत नाही. पुरावा माझ्यापाशी नाही, म्हणून हे कंसात.)

भारतातही याची आवृत्ती झाली, आणि तीही महाराष्ट्रात. कल्याणच्या एका कारखान्यात टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचे परदेशी तंत्र शिकलेल्या पर्यवेक्षकाचा पाच वर्षांचा करार होता. तो मध्येच जास्त पगारावर कोटा येथील प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: उरलेल्या मुदतीत त्याला तसेच काम दुसरीकडे करता येणार नाही. त्याला कल्याणला परत आणून यंत्रासमोर उभे करणे मात्र कोणाच्याच हातात नव्हते. आणि अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, एका सार्वजनिक बँकेतील अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यावर बाँडप्रमाणे भरलेले दोन लाख रुपये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले, कारण सार्वजनिक भरतीला मोठा खर्च आणि वेळ लागतो.

हे दोन निकाल मी मुद्दाम सांगितले. 'बाँडला काही अर्थ नसतो' असे समाजमाध्यमांवर छातीठोकपणे सांगणारे बरेच आहेत, आणि ते चूक आहेत. करार हा करार असतो. पण त्याच्या भंगाचे स्वरूप आता दिवाणी आहे. झालेले वाजवी नुकसान दाखवावे लागते. कागदावर मोठा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, हे करार कायद्याची ७३ आणि ७४ ही कलमे सांगतात. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू नसेल तर करारभंग ही फसवणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. रुजू होण्याआधीच एखाद्या मुलीने दिलगिरीचा ईमेल लिहून नाही म्हटले, तर दाव्यासाठी कंपनीला नुकसान शोधत फिरावे लागेल. आणि लीगल नोटीस म्हणजे वकिलाने लिहिलेले पत्र. ते वाचावे, वकिलाला दाखवावे, उत्तर द्यावे. त्याला समन्स समजून हातपाय गाळू नयेत.

त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून जे केले ते १८५९ चा कायदा समोर ठेवूनच केले, असे मी थोड्या अभिमानाने सांगते. त्या कायद्याचा गळ उचल हा होता, म्हणून पहिला प्रश्न: तू त्यांच्याकडून काही घेतले आहेस का? जॉइनिंग बोनस, प्रवासखर्च, लॅपटॉप? काही नव्हते. असते तर त्याच रात्री परत करायला लावले असते. दुसरी रीत आपले काहीतरी अडकवून ठेवण्याची, म्हणून दुसरा प्रश्न: मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे आहेत का? सुदैवाने फक्त प्रती होत्या. आणि तिसरे, ज्या धमकीची ताकद कोर्टाबाहेर बोलण्यात असते, तिला कागदावर आणायचे. तिने एकच ईमेल लिहिला: कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाला आणि कोणते नुकसान झाले ते कृपया लेखी कळवावे, यापुढे फोनऐवजी ईमेलवरच बोलू. कॉल लॉगचे फोटो काढून ठेवले. बदनामीची धमकी देऊन कोणाला एखादी गोष्ट करायला भाग पाडू पाहणे हाच फौजदारी धाकदपटशा ठरू शकतो, हेही तेव्हा वाचून काढले. त्या ईमेलमध्ये मात्र लिहिले नाही.

आता थोडी रिक्रूटरची बाजू. स्वीकारून मग नाकारणे ही चांगली गोष्ट नाही. त्या जागेसाठी दुसऱ्या कोणाला तरी नकार गेलेला असतो. शिवाय हा रिक्रूटर बहुधा कंपनीचा नोकरही नसतो. एजन्सीचा असतो, आणि उमेदवार रुजू झाला तरच त्याची दलाली पिकते. आरकाट्याचे गणितही तेच होते, माणशी इतके. दोघांची तुलना मी क्रौर्यात करत नाही, हिशेबात करते. ज्याचे पोट तुमच्या होकारावर आहे, त्याला तुमचा नकार चोरीसारखा वाटतो. पण कंपन्या ऑफर देऊन महिनोन्महिने रुजू करून घेत नाहीत, कधी एका ओळीच्या ईमेलने ती मागे घेतात, तेव्हा 'फ्रॉड' हा शब्द कोणी उच्चारत नाही. एका बाजूचा करारभंग म्हणजे चारित्र्य आणि दुसऱ्या बाजूचा म्हणजे 'बिझनेस डिसिजन', ही विभागणी मला थेट १८२३ मधली वाटते.

एक गोष्ट मात्र मला या धाग्यात मुद्दाम आणायची आहे, कारण इथले आपण बहुतेक जण ऑफर लेटरवाले आहोत. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महारवतनात कामाला वेळ नव्हती, कामाचे स्वरूप ठरलेले नव्हते, आणि कामावरचा माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही जुंपता येई, हे त्यांनी सभागृहापुढे मांडले. म्हणजे करारभंगाचा कायदा रद्द होऊन तीन वर्षे झाली होती, आणि खेड्यातल्या या माणसापाशी मोडायला करारच नव्हता. त्याचा होकार कोणी कधी विचारलाच नव्हता. विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा आला तो १९५९ चा पहिला. मधल्या काळात घटनेत कलम २३ आले: वेठ आणि सक्तीच्या श्रमाला बंदी.

आणि आज दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडून गाड्या भरून ऊसतोडीला निघतात. एका जोडप्याचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि हंगाम संपला तरी न फिटणारा हिशेब. उचल फिटली नाही म्हणून कुटुंबाला अडवून ठेवल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वाचकाला नव्या नाहीत. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. तरी त्या कोयत्याने मुकादमाला "यंदा येत नाही" असे सांगणे आणि माझ्या मैत्रिणीने ईमेल पाठवणे, ही एकाच स्वातंत्र्याची दोन टोके आहेत. आपल्याला येणारी धमकी फोनवरून येते. तिकडची गाडी घेऊन दारात येते. म्हणून 'धमक्या पोकळ असतात' हे वाक्य बोलताना कोणासाठी, हेही सांगायला हवे.

त्या ईमेलला उत्तर आले नाही. फोन बंद झाले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच नंबरवरून फोन आला आणि तिने तो स्पीकरवर टाकला. आवाज अतिशय गोड होता. दुसऱ्या एका कंपनीत, तिच्या प्रोफाइलला अगदी साजेशी जागा निघाली होती. मॅडमना इंटरेस्ट आहे का?